विश्लेषण : आठ बाळे, तीन जणांचा डीएनए… पेशींचे ‘वीजघर’ बदलण्याचे तंत्र काय आहे?

ब्रिटनमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी १६ जुलै २०२५ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर केले. गंभीर आनुवंशिक आजार मुलांमध्ये जाण्याचा धोका असलेल्या सात महिलांनी आठ बाळांना जन्म दिला आणि ही सर्व बाळे सुदृढ असल्याचे त्यात नमूद आहे. चार मुली आणि चार मुलगे असलेल्या या बाळांमध्ये एक जुळ्यांची जोडी आहे. प्रत्येक बाळात आई आणि वडिलांबरोबरच तिसऱ्या एका महिलेच्या डीएनएचा अत्यल्प अंश आहे. त्यामुळे ‘तीन पालकांची बाळे’ असे मथळे जगभर झळकले. मात्र या मथळ्यांमागचा मूळ विषय अन्नातून ऊर्जा काढणारी पेशीतील यंत्रणा हा आहे. ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असेल तर काय होते आणि ती बदलता येते का, याविषयी…

पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते?

श्वसन म्हटले की आपल्याला नाक आणि फुप्फुसे आठवतात. पण फुप्फुसांचे काम ऑक्सिजन रक्तापर्यंत पोहोचवण्याचे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचे. खरे श्वसन पेशींच्या आत चालते. भाकरी, भात किंवा पोळीतील स्टार्चचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे पेशींत पोहोचते. तिथे त्याचे तीन टप्प्यांत विघटन होते.

पहिला टप्पा पेशीद्रव्यात घडतो. त्याला ग्लायकोलायसिस म्हणतात. सहा कार्बन असलेल्या ग्लुकोजच्या एका रेणूचे प्रत्येकी तीन कार्बनच्या दोन पायरुव्हेट रेणूंत रूपांतर होते. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. पण हाती काय लागते, तर एटीपीचे अवघे दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन. स्नायू आकुंचन पावणे, मेंदूतील संदेशवहन, नवी प्रथिने तयार करणे असे प्रत्येक काम पेशी एटीपी खर्चून करते.

पुढचे दोन टप्पे तंतुकणिकांमध्ये, म्हणजेच माइटोकॉन्ड्रियामध्ये घडतात. पायरुव्हेटपासून तयार झालेला दोन कार्बनचा तुकडा क्रेब्स चक्रात शिरतो. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये हे चक्र उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल मिळाले. या चक्रात कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो तो हाच. मात्र चक्राची खरी कमाई म्हणजे ऊर्जासंपन्न इलेक्ट्रॉन. ते वाहक रेणूंवर लादले जाऊन तिसऱ्या टप्प्याकडे, इलेक्ट्रॉन वहन साखळीकडे जातात. बहुतांश एटीपी तिथे तयार होते.

ग्लुकोजच्या एका रेणूमागे एकूण ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असे अनेक पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळते. आता शास्त्रज्ञ हा आकडा ३० ते ३२ च्या आसपास धरतात, कारण काही ऊर्जा वाहतुकीत आणि गळतीत जाते. तरीही ऑक्सिजनविना मिळणाऱ्या दोन एटीपींशी तुलना केली तर हा फरक सुमारे १५ पट आहे.

‘वीजघर’ हा शब्द किती योग्य?

पाठ्यपुस्तकांतून रुळलेली ही उपमा अनेकदा वापरून गुळगुळीत झाली असली, तरी अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिल्यास ती बऱ्यापैकी चपखल आहे. फक्त हे वीजघर कोळशावर चालणाऱ्या केंद्रापेक्षा धरणाच्या पायथ्याशी असलेल्या जलविद्युत केंद्राला जवळचे आहे.

तंतुकणिकेला दोन आवरणे असतात. आतल्या आवरणात इलेक्ट्रॉन वहन साखळीतील प्रथिनांचे मोठे संच बसवलेले असतात. इलेक्ट्रॉन एका संचाकडून दुसऱ्याकडे जाताना सुटणाऱ्या ऊर्जेवर हे संच पंपाचे काम करतात आणि प्रोटॉन आतून बाहेरच्या बाजूला ढकलतात. त्यामुळे आवरणाच्या एका बाजूला प्रोटॉनचा साठा वाढतो, धरणात पाणी साठावे तसा. हा साठा परत आत येण्यासाठी एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून वाट काढतो आणि जाताना त्याचा एक भाग अक्षरशः गरगरा फिरवतो. या फिरण्यातून एटीपी जोडले जाते. साखळीच्या शेवटी उरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन स्वीकारतो आणि पाणी तयार होते. आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनचे मुख्य काम एवढेच. पण तो नसेल तर इलेक्ट्रॉनना पुढे जायला जागा उरत नाही आणि सारी साखळी तुंबते. सायनाइडचे विषही हेच करते. ते साखळीतील शेवटचा संच बंद पाडते. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही.

पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये प्रोटॉनच्या साठ्याची ही कल्पना मांडली, तेव्हा अनेकांना ती विक्षिप्त वाटली होती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फिरणाऱ्या एटीपी सिंथेजची कार्यपद्धती उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर हे १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

या यंत्रणेचा आवाका साध्या हिशेबाने कळतो. दिवसाला २००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या व्यक्तीचा सरासरी ऊर्जावापर सुमारे १०० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतका असतो. शरीरात एका वेळी एटीपीचा साठा फार थोडा असतो. त्यामुळे तोच रेणू दिवसभरात शेकडो वेळा वापरून पुन्हा तयार केला जातो. दिवसभरात अशा प्रकारे तयार होणाऱ्या एटीपीचे एकूण वजन कित्येक किलो, ढोबळमानाने शरीराच्या वजनाच्या अर्ध्यापासून पूर्ण वजनाइतके भरते. हा कारखाना काही मिनिटेही थांबून चालत नाही.

बिघाड नेमका कुठे होतो?

तंतुकणिकांचे वेगळेपण म्हणजे त्यांचा स्वतःचा डीएनए. अब्जावधी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीत स्थिरावलेल्या जिवाणूंचे त्या वंशज आहेत, असे शास्त्रज्ञ मानतात. पेशीच्या केंद्रकात सुमारे २० हजार प्रथिनांच्या कृती सांगणारी जनुके असतात. तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये अवघी ३७. त्यांतील १३ जनुके प्रथिनांची आहेत आणि ही सर्व १३ प्रथिने इलेक्ट्रॉन वहन साखळीचे किंवा एटीपी सिंथेजचे भाग आहेत. उरलेली २४ जनुके ही प्रथिने बनवण्यासाठी लागणारी अवजारे पुरवतात. थोडक्यात, ही ३७ जनुके वीजघराच्या गाभ्याशीच निगडित आहेत. त्यात बिघाड झाला की पंप मंदावतात, प्रोटॉनचा साठा कमी होतो आणि एटीपीचा पुरवठा घटतो.

पुरवठा घटला की पेशी ऑक्सिजनविना चालणाऱ्या पहिल्या टप्प्यावर अधिक विसंबते. पायरुव्हेटचे लॅक्टेट होऊ लागते. जोरात धावताना स्नायूंतही लॅक्टेट वाढते, पण थांबल्यावर काही वेळात ते कमी होते. तंतुकणिकांचा आजार असलेल्या मुलात मात्र शांत बसले असतानाही लॅक्टेट वाढलेले राहू शकते. त्यामुळेच डॉक्टर निदानाच्या सुरुवातीला रक्तातील लॅक्टेट तपासतात.

ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते, त्यांना फटका आधी बसतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या स्थितीत तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. हृदय, स्नायू, डोळ्यांतील मज्जापेशी यांचीही भूक मोठी. म्हणून झटके येणे, स्नायूंची कमजोरी, अंधत्व, बहिरेपणा, हृदयविकार, मधुमेह अशी एकमेकांशी संबंध नसल्यासारखी वाटणारी लक्षणे एकाच आजारात दिसतात. ‘ली सिंड्रोम’सारख्या प्रकारात अनेक मुले बालपणीच दगावतात. जगभरात साधारण ५ हजारांमागे एका व्यक्तीला तंतुकणिकांशी संबंधित आजार असल्याचे मानले जाते. बहुतेक प्रकारांत मुळापासून बरे करणारा उपचार उपलब्ध नाही; लक्षणांवर उपचार केले जातात.

धोका फक्त आईकडूनच का?

तंतुकणिकांचा डीएनए आईकडूनच मुलांमध्ये येतो. बीजांडात त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती असतात. शुक्राणूबरोबर आलेल्या मोजक्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. त्यामुळे बिघाड असलेल्या आईच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळू शकतो. पुढच्या पिढीत मात्र फक्त मुलीच तो पोहोचवतात.

पण प्रत्येक मुलाला तो सारख्याच प्रमाणात मिळत नाही. एका पेशीत चांगल्या आणि बिघडलेल्या प्रती एकत्र असू शकतात. बिघडलेल्या प्रतींचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे, अनेक प्रकारांत ६० ते ८० टक्क्यांपुढे गेले की आजार दिसू लागतो. बीजांडे तयार होताना या प्रतींची वाटणी असमान होते. म्हणूनच स्वतः जवळपास निरोगी असलेल्या आईचे एक मूल ठणठणीत, तर दुसरे गंभीर आजारी असू शकते. आपल्याकडे अशा घरांत मूल दगावण्याचा दोष अनेकदा आईच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ही वाटणी तिच्या आहारावर, वागणुकीवर किंवा इच्छेवर अवलंबून नसते.

काही महिलांसाठी गर्भारोपणपूर्व जनुकीय चाचणी हा मार्ग असतो. कृत्रिम गर्भधारणेत तयार झालेल्या भ्रूणांपैकी बिघाडाचे प्रमाण कमी असलेला भ्रूण निवडला जातो. मात्र ज्या महिलेच्या सर्वच बीजांडांत बिघाड मोठ्या प्रमाणात आहे, तिला निवडायला चांगला भ्रूण मिळतच नाही. न्यूकॅसलचे तंत्र अशा महिलांसाठी आहे.

न्यूकॅसलमध्ये नेमके काय केले?

या तंत्राला पूर्वकेंद्रक हस्तांतरण म्हणता येईल. होणाऱ्या आईचे बीजांड आणि निरोगी तंतुकणिका असलेल्या दात्या महिलेचे बीजांड या दोन्हींचे वडिलांच्या शुक्राणूशी प्रयोगशाळेत फलन केले जाते. फलनानंतर काही तास आई आणि वडिलांचा केंद्रकीय डीएनए दोन स्वतंत्र पूर्वकेंद्रकांत असतो. याच वेळी दात्याच्या फलित बीजांडातील पूर्वकेंद्रके काढून टाकली जातात आणि त्या जागी आई-वडिलांची पूर्वकेंद्रके ठेवली जातात. बाळाचा चेहरामोहरा, रंग, उंची यांवर परिणाम करणारा केंद्रकीय डीएनए आई-वडिलांचाच राहतो. बदलते ते पेशीद्रव्य आणि त्यातील तंतुकणिका. वाडा तोच, मालक तेच, फक्त विजेची जोडणी नवी, असे म्हणता येईल.

जाहीर झालेल्या माहितीनुसार २२ महिलांवर ही प्रक्रिया सुरू झाली. त्यांतून आठ बाळे जन्माला आली आणि निष्कर्ष प्रसिद्ध होताना आणखी एक महिला गर्भवती होती. पाच बाळांच्या रक्तात बिघडलेला डीएनए आढळला नाही. उर्वरित तिघांत त्याचे प्रमाण ५ ते १६ टक्क्यांदरम्यान होते, म्हणजे आजार दिसण्याच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली. एका बाळाला हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि रक्तातील चरबी वाढण्याचा त्रास झाला. उपचारांनी तो आटोक्यात आला. दुसऱ्या बाळाला स्नायूंचे झटके येत होते, ते आपोआप थांबले. हे त्रास प्रक्रियेमुळे झाले असे संशोधकांना वाटत नाही. मात्र मुले अजून लहान आहेत आणि त्यांची तपासणी पुढील काही वर्षे सुरू राहणार आहे.

इतकी वर्षे का लागली?

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने ३ फेब्रुवारी २०१५ रोजी ३८२ विरुद्ध १२८ मतांनी या तंत्राला परवानगी दिली. असा कायदा करणारा तो पहिला देश ठरला. मात्र परवाना सरसकट नाही. न्यूकॅसलच्या केंद्राला २०१७ मध्ये परवानगी मिळाली आणि त्यानंतरही प्रत्येक महिलेच्या प्रकरणाची नियामक संस्था स्वतंत्रपणे छाननी करते. भ्रूणचाचणीने भागणार नाही अशाच प्रकरणांत परवानगी दिली जाते. १ जुलै २०२५ पर्यंत ३५ जणींना ती मिळाली होती. पहिली बाळे जन्मल्याचे २०२३ मध्ये समोर आले. पण तपशील जाहीर व्हायला आणखी दोन वर्षे गेली. या मौनावर शास्त्रज्ञांमधूनच टीका झाली. कुटुंबांची गोपनीयता जपणे हे त्यामागचे एक कारण होते.

इतरत्र घाई झाली. अमेरिकेत या तंत्रावर निर्बंध असल्याने न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांच्या चमूने मेक्सिकोत प्रक्रिया केली आणि २०१६ मध्ये अशा प्रकारच्या बाळाच्या जन्माची बातमी आली. युक्रेन आणि ग्रीसमध्ये आजार टाळण्याऐवजी वंध्यत्वावरील उपचार म्हणून असे तंत्र वापरले गेले. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये कायदा करून मर्यादित परवानगी दिली आहे.

मग आक्षेप कशावर?

पहिला आक्षेप वैद्यकीय आहे. पूर्वकेंद्रके हलवताना त्यांच्याबरोबर आईच्या काही तंतुकणिका जातातच. त्या वाढल्या तर? ग्रीसमधील प्रयोगातून जन्मलेल्या सहा मुलांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील एका मुलात भ्रूणावस्थेत एक टक्क्याहून कमी असलेला आईचा तंतुकणिका डीएनए जन्मानंतर ३० ते ६० टक्क्यांपर्यंत वाढलेला आढळला. त्या आईला आजार नसल्याने मुलाला धोका नव्हता. पण आजार असलेल्या कुटुंबात असे घडले तर प्रक्रियेचा हेतूच फसू शकतो. म्हणूनच ‘आजार टाळला’ यापेक्षा ‘आजाराचा धोका कमी केला’ हे शब्द अधिक अचूक ठरतात.

दुसरा आक्षेप पुढच्या पिढ्यांचा. मुलींमध्ये केलेला बदल त्यांच्या मुलांपर्यंत जाईल. त्यामुळे अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २०१६ मध्ये सुरुवातीला फक्त पुरुष भ्रूणांसाठी हे तंत्र वापरावे, अशी शिफारस केली होती. ब्रिटनने अशी अट घातली नाही.

तिसरा प्रश्न पालकत्वाचा. दात्या महिलेचा वाटा एकूण डीएनएच्या एका टक्क्याहूनही कितीतरी कमी असतो. ब्रिटिश कायद्यानुसार ती पालक ठरत नाही. मुलाला १६ व्या वर्षानंतर तिची ओळख उघड न करणारी माहिती मागता येते. ‘तीन पालक’ हा शब्दप्रयोग त्यामुळे लक्षवेधी असला तरी दिशाभूल करणारा आहे.

आणखी एक मर्यादा चर्चेत मागे पडते. तंतुकणिका चालवण्यासाठी लागणारी हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या सूचनांवर बनतात. बिघाड त्या जनुकांत असेल, तर तो आई-वडील दोघांकडूनही येऊ शकतो आणि तंतुकणिका बदलून उपयोग होत नाही. मुलांमधील अशा आजारांचा मोठा हिस्सा याच प्रकारचा आहे. त्यामुळे बिघाड कोणत्या डीएनएमध्ये आहे, हे आधी कळणे अत्यावश्यक ठरते.

भारतात काय स्थिती?

भारतात या तंत्रासाठी स्वतंत्र कायदा नाही. पुढच्या पिढ्यांत जाणाऱ्या जनुकीय बदलांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे मनाई करतात. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी भ्रूणचाचणीला आणि नियमांच्या चौकटीत बीजांडदानाला परवानगी दिली आहे. मात्र दाती आयुष्यात एकदाच दान करू शकते आणि तिची सातपेक्षा जास्त बीजांडे घेता येत नाहीत. दातीच्या आरोग्यासाठी ही अट योग्यच आहे. उद्या तंतुकणिका दानाला परवानगी द्यायची ठरली, तर प्रत्येक हस्तांतरणासाठी एक निरोगी बीजांड लागणाऱ्या या प्रक्रियेत ही मर्यादा विचारात घ्यावी लागेल.

त्यामुळे आज भारतीय कुटुंबासमोर भ्रूणचाचणी, दातीच्या बीजांडातून गर्भधारणा आणि दत्तक हे पर्याय उरतात. दातीचे बीजांड वापरले तर आजार टळतो, पण आईचे मुलाशी जनुकीय नाते राहत नाही. ते नाते टिकवणे हाच न्यूकॅसलच्या तंत्राचा मुख्य हेतू आहे. ते किती मोलाचे आणि त्यासाठी किती धोका पत्करावा, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाचे वेगळे असू शकते.

मात्र या सर्व पर्यायांच्या आधी एक पायरी येते ती निदानाची. झटके, स्नायूंची कमजोरी, वाढ खुंटणे आणि वाढलेले लॅक्टेट यांचा एकत्र विचार झाला नाही, तर मूल एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि कारण कळण्याआधीच कुटुंबात दुसरे मूल येऊ घातलेले असते. पहिल्या मुलाचे जनुकीय निदान आणि आईचे समुपदेशन वेळेत झाले, तर दुसऱ्या मुलाबाबतचा निर्णय माहितीच्या आधारे घेता येतो. त्यासाठी न्यूकॅसलच्या प्रयोगशाळेची गरज नाही. जिल्हा पातळीवर शंका घेणारा बालरोगतज्ज्ञ आणि पुढे चाचणीसाठी पाठवण्याची खात्रीची व्यवस्था पुरेशी आहे. आठ बाळांच्या बातमीतून भारताने लगेच उचलावे असे काही असेल, तर ते हेच.